अवर्षण, उद्योग आणि पाण्याचा जमाखर्च



सार्वजनिक कामातील प्रत्येक आण्याचा हिशेब ज्यांनी जन्मभर स्वतःच्या हाताने लिहिला, अशा एका सत्पुरुषाच्या स्मरणार्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत पाण्याच्या हिशेबाविषयी बोलावे असे मी योजले, ते हा विषय त्या स्मृतीशी सुसंगत आहे या समजुतीने. विषयाची मर्यादा आरंभीच सांगतो. दुष्काळात शेतकऱ्याने काय करावे, गृहिणीने काय करावे, याविषयी आपण पुष्कळ ऐकले आहे. कारखानदाराने काय करावे हा आजचा प्रश्न आहे, आणि तो मी मुख्यत्वे गोदावरीच्या खोऱ्यातील, त्यातही मराठवाड्यातील उद्योगांच्या संदर्भात मांडणार आहे.

आपल्याकडील दुष्काळाचे सारे दप्तर पिकाच्या अनुरोधाने तयार झालेले आहे. पूर्वी जिला आणेवारी म्हणत आणि आज जी पैसेवारी म्हणून ओळखली जाते ती पिकाची, पन्नास पैशांच्या आत ती उतरली म्हणजे मिळणारी साऱ्याची सूट शेतजमिनीची, तगाई बैलांची व बियाण्याची, छावणी जनावरांची, आणि १९७२ च्या भीषण अवर्षणाच्या अनुभवातून ज्या रोजगार हमीला पुढे कायद्याचे रूप आले तीही मुख्यतः शेतात काम न उरलेल्या मजुराची. ही यंत्रणा शेताला ओळखते, गोठ्याला ओळखते, मजुराच्या रिकाम्या हाताला ओळखते. परंतु कारखान्याला तिच्यात जागा नाही, कारण ज्या काळी तिचे शिरस्ते ठरले त्या काळी या कोरड्या पठारावर फारसे कारखाने नव्हते. औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले, चिकलठाणा, वाळूज, लातूर येथे वसाहती उभ्या राहिल्या, उसाच्या मागोमाग साखरेची धुराडी वर आली, आणि दुष्काळाच्या मुलखात पाण्याचा एक नवा, सधन आणि बाराही महिने पाणी मागणारा मागणीदार येऊन बसला. त्याने दुष्काळात कसे वागावे याची संहिता मात्र कोणी लिहिली नाही.

त्या उणिवेची किंमत काय पडते हे २०१६ साली आपण पाहिले. २०१४ आणि २०१५ असे दोन पावसाळे लागोपाठ बुडाले होते, जायकवाडी धरणाच्या जलाशयाचा, म्हणजे नाथसागराचा, साठा मृत पातळीला गेला होता, धनेगावचे मांजरा धरण आटले होते, आणि एप्रिल महिन्यात सुमारे ३४० किलोमीटरवरील मिरजेहून लातूर शहरासाठी आगगाडीने पिण्याचे पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीने आलेले पाणी पाच लाख लिटर होते. त्याच एप्रिलमध्ये मद्यनिर्मितीच्या कारखान्यांचे पाणी तोडा, असा आक्रोश उठला आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेले. खंडपीठाने मद्याच्या कारखान्यांच्या पाण्यात प्रथम निम्मी व पुढे साठ टक्के, आणि इतर उद्योगांच्या पाण्यात वीस ते पंचवीस टक्के कपात फर्मावली. माणसाच्या घशाला कोरड पडली असता बाटलीत भरण्याच्या पेयाला पाणी देता येणार नाही हा त्यामागील न्याय निर्विवाद आहे, आणि त्या घडीला दुसरा उपायही उरलेला नव्हता.

तथापि सरसकट कपातीत एक अन्याय दडलेला असतो. एकच वस्तू तयार करणारे दोन कारखाने घ्या. एका कारखान्याने कधी मीटरकडे पाहिलेही नाही आणि प्रत्येक नगामागे तो दहा लिटर पाणी खर्चतो. दुसऱ्याने स्वतःचा पैसा घालून, यंत्रे बदलून, तोच नग पाच लिटरांत बसवला आहे. दोघांवर निम्म्या कपातीचा हुकूम निघाला, तर पहिला गळके नळ दुरुस्त करून निभावून नेईल, आणि ज्याने आधीच काटकसर केली तो दुसरा कारखाना बंद पडेल. अशा हुकमाने उधळ्याला अभय मिळते आणि संयमी माणसाला दंड होतो. पुढच्या सुकाळात कोणताही व्यवहारी व्यवस्थापक काटकसरीच्या वाटेला जाणार नाही, कारण कपातीच्या वेळी कापायला काहीतरी चरबी शिल्लक असावी असेच त्याला वाटेल. कपात टक्क्यांनी ठरवण्याऐवजी दर नगामागे किंवा दर टन मालामागे किती पाणी रास्त आहे याचे प्रमाण उद्योगवार ठरवले पाहिजे, आणि दुष्काळात ते प्रमाण ओलांडणाऱ्याचे पाणी आधी तोडले पाहिजे. साखर कारखान्यांनी दर टन उसामागे किती सांडपाणी बाहेर सोडावे याची मर्यादा केंद्र सरकारने २०१६ साली घालून दिलीच आहे. औष्णिक वीज केंद्रांनी दर युनिटामागे किती पाणी वापरावे याचीही मर्यादा डिसेंबर २०१५ मध्ये घातली गेली. जे दोन उद्योगांना शक्य झाले ते इतरांना अशक्य असण्याचे कारण नाही.

आता मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. दख्खनच्या पठारावरचा दुष्काळ भूकंपासारखा अवचित येत नाही. तो आपल्या आगमनाची वर्दी आठ महिने आधी देतो. नैर्ऋत्य मोसमी पाऊस सप्टेंबरअखेर ओसरू लागला म्हणजे धरणात जे आले ते आले. त्यानंतर जूनपर्यंत त्यात विशेष भर पडण्याची आशा नसते, आणि नाथसागरासारख्या विस्तीर्ण व उथळ जलाशयातून तर उन्हाळ्याची वाफच मोठा हिस्सा नेते. हे ओळखूनच, समन्यायी पाणीवाटपाच्या कज्जात महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने २०१४ साली जो निर्णय दिला त्यात १५ ऑक्टोबर ही तारीख धरलेली आहे. त्या दिवशी जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर नगर व नाशिककडील वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा प्रश्न उपस्थित होतो. सरकारी कचेऱ्या, पाटबंधारे खाते, दोन्हीकडचे शेतकरी, वकील, सारे या तारखेकडे डोळे लावून बसतात. त्याच धरणाचे पाणी पिणाऱ्या वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा येथील कारखान्यांच्या संचालक मंडळांच्या कार्यक्रमपत्रिकेवर मात्र ही तारीख क्वचितच आढळते. एप्रिलमध्ये न्यायालयाच्या दारात उभे राहण्याची पाळी येते ती ऑक्टोबरमध्ये स्वस्थ बसल्यामुळे, हे मला निःसंदिग्ध शब्दांत सांगावयाचे आहे.

ऑक्टोबरात करावयाचे काय? प्रथम हिशेब. ज्या कारखान्यात एका स्क्रूचीही नोंद गोदामाच्या वहीत होते, तेथे पाण्याचा मीटर बहुधा एकच असतो, तो महामंडळाने बसवलेला, फाटकाशी. आत गेल्यावर ते पाणी कोणत्या विभागाने किती घेतले, किती मालात गेले, किती वाफ होऊन उडाले आणि किती गटारात गेले, याविषयी अंदाजापलीकडे कोणाला काही सांगता येत नाही. बॉयलर, कूलिंग टॉवर, धुलाई, उपाहारगृह, बाग, स्वच्छतागृहे अशा प्रत्येक शाखेवर निराळा मीटर बसवून त्याची रोजकीर्द ठेवली, तर पहिल्या महिन्यातच पुष्कळ उघडकीस येते. साप्ताहिक सुट्टीच्या रात्री, सर्व यंत्रे थांबलेली असताना, मीटरचा आकडा दोनदा वाचावा. दोन वाचनांत जो फरक पडेल तो जवळजवळ सगळा गळतीचा असतो. या परीक्षेला ना तज्ज्ञ लागतो ना भांडवल.

हिशेब मांडला म्हणजे बहुतेक कारखान्यांत असे दिसते की पाण्याचा सर्वांत मोठा वाटेकरी कूलिंग टॉवर आहे. गरम झालेले पाणी मनोऱ्यावरून खाली पडताना त्यातला काही अंश वाफ होऊन जातो आणि त्या वाफेबरोबर उष्णता जाते. मागे राहिलेल्या पाण्यात क्षार दाटत जातात, म्हणून ते दाट पाणी मधूनमधून बाहेर सोडून ताजे घालावे लागते. वाफ अटळ आहे. बाहेर किती सोडावे हे मात्र चालवणाऱ्याच्या हाती असते. समजा, दिवसाला १०० घनमीटर पाणी वाफ होते. क्षार मूळच्या तिप्पट होताच पाणी सोडले, तर ५० घनमीटर गटारात जाते आणि १५० घनमीटर ताजे घ्यावे लागते. क्षार सहापटीपर्यंत दाटू दिले, तर २० घनमीटरच सोडावे लागते, आणि ताजे पाणी १२० घनमीटर पुरते. म्हणजे एक पंचमांश बचत झाली, आणि तिच्यासाठी लागले काय, तर पाण्यातील क्षार नियमित मोजण्याची शिस्त आणि नळ्यांवर पुटे बसू नयेत म्हणून थोडी रासायनिक दक्षता. पुष्कळ ठिकाणी हे पाणी सोडण्याची झडप कोणीतरी एके काळी अर्धी उघडून ठेवलेली असते आणि ती तशीच वर्षानुवर्षे उघडी राहते.

दुसरा मोठा वाटेकरी धुलाई. वाळूजच्या परिसरात मोटारगाड्यांचे सुटे भाग घडवणाऱ्या आणि त्यांवर जस्ताचा वा निकेलचा मुलामा चढवणाऱ्या अनेक लहान कार्यशाळा आहेत, आणि या लहान माणसांच्या हाती फार मोठी बचत आहे. मुलाम्याच्या टाकीतून बाहेर काढलेल्या वस्तूला जे द्रावण चिकटून येते ते धुऊन हजारपट विरळ करावयाचे असेल, तर एकाच टाकीत धुताना दर लिटर द्रावणामागे हजार लिटर पाणी ओतावे लागते. त्याऐवजी दोन टाक्या एकीमागे एक ठेवून पाणी वस्तूच्या उलट दिशेने वाहू दिले, म्हणजे ताजे पाणी शेवटच्या टाकीत पडून तेथून पहिलीत जाऊ दिले, तर तेच काम सुमारे ३२ लिटरांत होते. तीन टाक्या ठेवल्या तर सुमारे दहा लिटरांत. दुष्काळी गावातल्या बायका खरकटी भांडी आधी वापरलेल्या पाण्यात, मग त्याहून बऱ्या पाण्यात आणि सरतेशेवटी तांब्याभर स्वच्छ पाण्यात काढतात, तीच ही रीत आहे. एक टाकी वाढवण्याचा खर्च आणि ती ठेवण्यापुरती जागा, एवढीच या बचतीची किंमत आहे. रंगाईच्या धंद्यालाही हाच नियम लागू पडतो.

एकाच पाण्याकडून क्रमाने अनेक कामे करून घेण्याची ही कल्पना आपल्या भूमीत परकी नाही. मलिक अंबराने आजच्या छत्रपती संभाजीनगरास, त्या काळच्या खडकीस, डोंगराच्या पोटातले पाणी भूमिगत नहरींनी आणले. पुढे बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याशी जी पाणचक्की उभी राहिली तीही काही कोसांवरून मातीच्या नळांनी आलेल्या पाण्यावर चालली. ते पाणी उंचावरून पडून आधी जाते फिरवी, मग हौदात साठे, आणि त्या हौदाखालच्या दालनाला उन्हाळ्यात गारवा देई. दळण, साठवण आणि शीतलता ही तिन्ही कामे एकाच प्रवाहाने केली, आणि एकाही कामात तो मलिन झाला नाही. आजच्या कारखान्याला हे तंतोतंत जमणार नाही, कारण त्याच्या पाण्यात तेल, आम्ले व क्षार मिसळतात. परंतु अतिशुद्ध पाणी कोठे हवे, साधे कोठे चालेल आणि मळकटही कोठे चालेल, अशी प्रत लावून पाणी वरच्या कामाकडून खालच्या कामाकडे नेण्याची योजना प्रत्येक कारखान्याला आखता येते. झाडांना आणि स्वच्छतागृहांच्या टाक्यांना पिण्याचे पाणी घालणे हा दुष्काळी प्रदेशात गुन्हा समजला गेला पाहिजे.

साखर कारखान्यांविषयी थोडे सविस्तर बोलणे प्राप्त आहे. उसाच्या वजनात सुमारे सत्तर टक्के पाणी असते. दिवसाला ५,००० टन ऊस गाळणाऱ्या कारखान्यात उसाच्या मोळ्यांबरोबरच ३५ लाख लिटर पाणी येते. म्हणजे लातूरला मिरजेहून आलेल्या पहिल्या गाडीच्या सातपट पाणी दररोज बैलगाड्या आणि ट्रकांतून फाटकात शिरते. त्यातले साताआठ लाख लिटर चिपाडात राहून भट्टीत जाते हे वजा केले तरी पंचवीस लाखांच्या वर उरते, आणि रस आटवताना ते वाफेच्या रूपाने सुटते. ही वाफ थंड करून कंडेन्सेट म्हणून साठवली, तिला थोडी शुद्ध केली, तर सारा गळीत हंगाम धरणाच्या पाण्यास हात न लावता पार पाडता येतो. जेथे ही वाफ स्प्रे पाँडच्या पाण्यात मिसळून वाया जाते आणि तो तलाव भरण्यासाठी वर पुन्हा नदीचे पाणी उपसले जाते, तेथे व्यवस्थापनाचा कसूर आहे असेच म्हटले पाहिजे. हे म्हणतानाच दुसरी बाजूही सांगणे माझे कर्तव्य आहे. कारखान्याच्या आत वाचवलेले पाणी कितीही असले तरी शेतात उसाने प्यायलेल्या पाण्यापुढे ते अल्प आहे. आपल्याकडे एक किलो साखरेमागे शेतात दोन हजार लिटरांच्या आसपास पाणी लागते. म्हणून मराठवाड्यातील साखर कारखान्याची खरी कसोटी त्याच्या फाटकाबाहेर, सभासदांच्या रानात आहे. ठिबकाविना लावलेल्या उसाची नोंद न घेणे, आणि ऑक्टोबरात साठा कमी दिसताच पुढच्या हंगामाची नवी लागण आखडती घेण्याची सभासदांना सक्त ताकीद देणे, हे कारखान्याच्या अधिकारात आहे. ते अप्रिय आहे, हे खरे. परंतु पाण्यावाचून वाळून गेलेला ऊस चाऱ्यासाठी छावणीत घालण्याची पाळी सभासदावर येणे त्याहून अप्रिय आहे.

विजेच्या उद्योगाने आपल्यापुढे दोन उदाहरणे ठेवली आहेत, आणि ती दोन्ही एकाच सरकारी कंपनीची आहेत. परळीचे औष्णिक केंद्र खडका बंधाऱ्याच्या पाण्यावर अवलंबून होते. फेब्रुवारी २०१३ मध्ये ते पाणी संपले आणि सारे संच बंद करावे लागले. इकडे नागपुराजवळ कोराडीच्या केंद्रासाठी त्याच कंपनीने महानगरपालिकेशी करार करून भांडेवाडी येथे शहराचे सांडपाणी शुद्ध करण्याची तजवीज केली, दिवसाला १३ कोटी लिटरांची, आणि तेवढे धरणाचे पाणी मोकळे झाले. शहराच्या गटारातील प्रवाह दुष्काळातही सहसा आटत नाही, कारण माणसे पाणी पितात तोवर तो वाहणारच. उद्योगाला याहून भरवशाचा झरा कोणता मिळणार? मुंबईत चेंबूरच्या खत कारखान्याने हा मार्ग कधीच धरला, चेन्नईजवळ मनळीच्या कारखान्यांनी त्याआधी धरला, आणि सुरतेच्या पांडेसरा वसाहतीला २०१४ पासून शहराचे शुद्ध केलेले सांडपाणी मिळते. छत्रपती संभाजीनगरात मात्र पन्नासेक किलोमीटरवरून, चढावर, विजेचा भार सोसून पाणी वर आणावयाचे, आणि वापरलेल्यापैकी बरेचसे खाम नदीच्या वाटेने पुन्हा त्याच नाथसागराकडे जाऊ द्यावयाचे, हा क्रम दीर्घकाळ चालला. त्या वाटेवरच ते अडवून, शुद्ध करून वसाहतींना दिले तर पिण्याचे धरण स्वच्छ राहील आणि उद्योगाचे पाणीही निश्चित होईल.

काही मार्गांनी मात्र बचत केवळ कागदावर होते, त्यांची नावे घेतली पाहिजेत. महामंडळाचे पाणी कमी झाले म्हणून टँकर मागवणारा कारखाना यत्किंचितही पाणी वाचवत नाही. तो शेजारच्या गावच्या विहिरीतले पाणी विकत घेतो, आणि ज्या गावाने ते विकले त्या गावाला महिन्याभरात स्वतःसाठी सरकारी टँकर मागावा लागतो. आवारात खोल विंधणविहीर खणणे हाही त्यातलाच प्रकार. छपरावरचे पाणी साठवणे चांगले, परंतु त्याचाही हिशेब करावा: एक हेक्टर छपरावर ७०० मिलिमीटर पाऊस पडला तर साठ लाखांच्या आसपास लिटर हाती लागतील, पण अवर्षणाच्या वर्षी पाऊसच ४०० मिलिमीटर झाला तर तीस-बत्तीस लाखांवर समाधान मानावे लागेल, म्हणून मागील वर्षाचे साठवण्याइतकी मोठी टाकी नसेल तर या उपायावर दुष्काळात विसंबता येत नाही. आणि काटकसरीच्या नावाखाली कामगारांच्या पिण्याच्या व स्वच्छतागृहाच्या पाण्याला कात्री लावणे तर सर्वस्वी निषिद्ध आहे. त्यात पाणी फारसे वाचत नाही, आणि विशेषतः स्त्री-कामगारांचे हाल होतात.

कामगारांचा उल्लेख झाला म्हणून जे मनात आहे ते बोलतो. वाळूजच्या पाळ्यांमध्ये कंत्राटावर राबणारे कितीतरी तरुण ज्यांच्या शेतात काही पिकले नाही अशा घरांतून आलेले असतात. दुष्काळाच्या वर्षी शेत बुडाल्यावर त्या घराला आधार असतो तो या रोजंदारीचा. अशा वर्षी पाण्याअभावी पाळी बंद पडली, की एकाच घरावर दुष्काळाचा घाव दोनदा बसतो. कारखाने बंद करून पाणी वाचवा, असा सल्ला देणाऱ्यांच्या ध्यानात हे येत नाही, आणि पाण्याची बेपर्वाई करून बंदी ओढवून घेणाऱ्या मालकांच्याही ध्यानात येत नाही. पाण्याची काटकसर ही त्या घराच्या चुलीची तरतूद आहे, म्हणूनच तिच्याविषयी मी इतक्या तळमळीने बोलत आहे.

या सभागृहात उद्योगाशी संबंध असलेली मंडळी बरीच आहेत. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. येत्या १५ ऑक्टोबरला वर्तमानपत्रांत नाथसागराच्या साठ्याचा आकडा छापून येईल, त्याच दिवशी आपल्या कारखान्यातील दर नगामागचा वा दर टनामागचा पाण्याचा आकडा काढा, साठा ६५ टक्क्यांच्या खाली गेला तर कोणते काम कोणत्या क्रमाने आखडते घ्यायचे हे लिहून संचालक मंडळाकडून मंजूर करून घ्या, आणि तो कागद दप्तरात न ठेवता फाटकावरच्या फलकावर मराठीत लावा, म्हणजे कामगारांना, शेजारच्या गावाला आणि महामंडळाच्या अधिकाऱ्यांना तो वाचता येईल.